पाटीखालची रांगोळी

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी दारापुढचा रस्ता झाडला. सकाळी परदेशी कंपनीचे साहेब गावचा माळ बघायला येणार होते. कारखाना झाला तर आमचा शहरातला पोरगा घरी परतणार होता. बायको रांगोळी काढायला बसली.

“ते माळ बघणार. तुझी रांगोळी कशाला बघतील?” मी म्हणालो.

“मला बघायला आलात, तेव्हा तुम्हीही दारातली रांगोळीच बघत बसला होतात,” ती हसली.

खरं होतं. सरकार वीज देईल, रस्ता देईल. पण परक्या माणसाला थांबावंसं वाटायला दारात कुणाची तरी वाट बघणारं माणूस लागतं.

रात्री ती झोपेतच गेली. सकाळी माणसं जमली. सुतकात रांगोळी नको, पुसा, सगळे म्हणाले. मी रांगोळीवर पाटी पालथी घातली. रस्त्यावर गाड्यांचा धुरळा दिसला, तशी पाटी उचलली.