शेगडी रेकॉर्ड्सची दुसरी बाजू

शिरीषदादांचा फोन आला तेव्हा मी डीमन या डच गावात ट्रॅमच्या थांब्यावर होते. "वसुधा पहाटे गेली," ते म्हणाले. मी म्हटलं, "पण शनिवारी तर ती माझ्यावर चिडली होती!" जणू चिडलेलं माणूस मरूच शकत नाही... आम्ही सगळे कोविडला घाबरत होतो आणि वसुधाताईचं हृदय झोपेतच थांबलं. पाच आठवडे झाले, मला अजून पटत नाही.

नवऱ्याच्या, शिरीषदादांच्या, नोकरीमागे ताई पुण्याहून इथे हार्लेमला आली. डिपेन्डन्ट व्हिसावर आलेली बाई रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड काढेल, असं कुणाला वाटलं असतं? शेजारी एडगर राहायचे, सुरिनामी गायक. वय झालं म्हणून मोठ्या कंपन्यांनी त्यांना वाटेला लावलं होतं. ताईनं भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकला आणि थेट बेल वाजवली. कंपनी तिच्या स्वयंपाकघरात सुरू झाली, म्हणून नाव शेगडी रेकॉर्ड्स. रेकॉर्डच्या वेष्टनावरचा मजकूर मी लिहायचे. कोल्हापुरात वडिलांची युनियनची पत्रकं वाचत वाढलेली मी, पहिल्याच वेष्टनावर त्या कंपन्यांची अशी खरडपट्टी काढली की ताई म्हणाली, "अगं बाई, गाण्यांची नावं तरी कुठेतरी लिही!"

त्याच रेकॉर्डला आम्ही घोळ घातला. छपाईआधी कारखान्यातून नमुन्याची तबकडी येते. मी पहिली बाजू ऐकली, दुसरी ताईनं ऐकली असणार असं धरून चालले. तिनंही तेच धरलं. सगळ्या प्रती छापून आल्या आणि दुसऱ्या बाजूला सुई एकाच ओळीवर अडकायला लागली. मग मी नियम लिहून ताईच्या फ्रिजवर चिकटवला: नमुना दोघींनी एका खोलीत बसून ऐकायचा, प्रत्येक बाजूखाली दोघींच्या सह्या, त्याशिवाय छपाई नाही.

लॉकडाऊनमध्ये एडगर यांच्या नव्या रेकॉर्डचा नमुना आला. शनिवारी ताईचा फोन. "मी खिडकी उघडते, तू अंगणात बस. एडगरना हल्ली दम लागतो गं, रेकॉर्ड त्यांच्या हातात पडू दे."

"एका खोलीत म्हणजे एका खोलीत, ताई. निर्बंध उठू देत."

"तुझ्या त्या पत्रकाला मास्क लाव आणि ये!" तिनं फोन ठेवला. मी गेले नाही. मला वाटलं, मी तत्त्वाला जागले.

परवा हार्लेमला गेले. नमुना रेकॉर्ड प्लेअरवर तसाच होता. त्याच्या पाकिटावर पहिल्या बाजूखाली ताईची सही. दुसरीखाली पेन्सिलनं एवढंच: "ऐकलेली नाही. तू आल्यावर."

शिरीषदादांनी खिडकी उघडली. अंगणात खुर्ची टाकून एडगर बसले. मी पहिल्या बाजूवर सुई ठेवली, मग दुसऱ्या. शेवटपर्यंत ती कुठेही अडकली नाही.

मी दोन्हीकडे सही केली आणि कारखान्याला छापायला सांगितलं. पाकीट फ्रिजवर, माझ्या नियमाशेजारी लावलंय. त्यावर तीन सह्या आहेत.