सिंधूने बेगल चहात बुडवला तेव्हा

मंडळी, आज माझीच मला लाज वाटते आहे.

माढ्याहून धाकटी जाऊ सिंधू राहायला आली होती. आपल्या सोलापुरात आता बेगलचं दुकान निघालंय. बेगल म्हणजे मधे भोक असलेला चिवट पाव, पण थाट असा की जणू राजवाड्यातून आलाय. मी सिंधूला हौसेने तिथे नेलं.

तिने बेगल मोडून सरळ चहात बुडवला. “आक्का, असं लई मऊ लागतंय की! खाऊन तर बघा.”

शेजारच्या टेबलावरच्या मुली फिदीफिदी हसल्या. त्यांना झापायचं सोडून मी माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत म्हणाले, “माफ करा, ही खेड्यातली आहे. हिला सवय नाही.”

सिंधूने तुकडा बशीत ठेवला. “मला बोलता येत न्हाय आक्का, पर कळतंय.”

रविवारपर्यंत राहणार होती, दुपारच्याच एसटीने गेली. दर वेळी निघताना “आता तुमी या” म्हणते. आज म्हणाली नाही.

जन्मभर लोकांना तोंडावर सुनावत आले, आणि आज त्या उद्धट पोरींपुढे शेपूट घातलं. फोन हातात घेऊन बसले आहे. तुम्ही असता तर पहिलं वाक्य काय बोलला असता?