चौदा फुल्या, एक मनगट

कोविडमुळे मंदारला, माझ्या नवऱ्याला, हॉस्पिटलमध्ये आत सोडलं नव्हतं. तो कार पार्कमध्ये गाडीतच बसून होता. तिथूनच त्याचा फोन आला. "नाना गेले गं..." एवढंच बोलला. खरं सांगते, रडू नंतर आलं. माझे सासरे गेले हे कळल्यावर माझ्या मनात आधी काय आलं, तर नानांचा तो कागद आता कुठे असेल? लिहायला लाज वाटते, पण ज्या माणसाने आयुष्यभर नोंदी केल्या त्याच्याबद्दल लिहिताना निदान नोंद तरी खरी हवी.

नाना साताऱ्याकडचे, निवृत्त तलाठी. सहा महिन्यांसाठी म्हणून सिडनीला, स्कोफिल्ड्सला आमच्याकडे आले आणि बॉर्डर बंद झाल्यामुळे दीड वर्ष अडकले. दिवसभर मराठी बातम्या लावून घर डोक्यावर घ्यायचे. शेवटी मंदारने त्यांना एक काम शोधून दिलं. इंग्लंडमधल्या खेड्यांचे जुने कागद कुणीतरी स्कॅन करून नेटवर टाकलेत. ते हस्ताक्षर लावून टाइप करायला जगभरातून व्हॉलंटियर लागतात. नानांना डॉर्सेटमधलं एक खेडं मिळालं. दोन दिवसांत त्यांनी मला समजावलं, "पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव गं. जन्म, लग्न, मयत, सगळं त्यांच्या दप्तरात. आणि मॅनर म्हणजे आपली जहागिरीच की. साहेब झाला म्हणून काय, इनामदार तिथंही हायेतच!" आम्ही हसायचो. म्हातारा रमला, माझी कटकट गेली.

मग एक दिवस त्या दप्तरातला एक कागद आला. त्या गावचं गायरान, म्हणजे सगळ्यांची गुरं चरायची ती जमीन, मॅनरच्या मालकाला आम्ही राजीखुशीने सोडतो, असं चौदा गावकऱ्यांनी लिहून दिलं होतं. लिहिता येत नव्हतं म्हणून नावापुढे फुल्या. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाले, "खोटा आहे. माणसं चौदा, मनगट एक." प्रत्येक फुलीची उजवी रेघ खाली दाबलेली, शेपटी एकाच बाजूला. तिकडच्या गटाच्या हिलरीबाईंनी पुन्हा तपासलं आणि थक्कच झाल्या. इतकी वर्षं हा कागद डोळ्यांखालून जातोय, कुणाला शंका आली नाही! मी विचारलं, "नाना, तुम्हाला एका नजरेत कसं कळलं हो?" ते म्हणाले, "चोराच्या वाटा चोराला ठाऊक." मी चहा ठेवायला उठले. विनोदच वाटला मला.

पण त्यानंतर नाना बदलले. मी खोलीत गेले की लॅपटॉप मिटायचा. गावाकडे, माझ्या धाकट्या दिराला, संदीपला, दारं लावून फोन. मी सॉफ्टवेअर टेस्टर. पगारच मिळतो तो संशय घेण्याचा. एकदा दाराशी "तीन एकर" आणि "नावावर" एवढंच ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. झालं! गावची जमीन धाकट्याला. आम्ही काय, परदेशातले, आम्हाला काय कमी! दीड वर्ष यांची पथ्यं मी सांभाळायची, गोळ्या मी मोजायच्या आणि... असो. तेव्हा माझं डोकं असंच चालत होतं, ते इथे मऊ करून सांगणार नाही.

एका सकाळी ते पाकीट घेऊन किचनमध्ये आले. "मेघना, इथं साक्षीने सही करायला जे.पी. लागतो म्हणे, सरकारने नेमलेला साक्षीदार. मला घेऊन चल. मंदारला सांगू नको." मंदारला सांगू नको! आणखी काय पुरावा हवा होता मला? मी म्हणाले, "नाना, लॉकडाऊन आहे. कुणी जे.पी. बसत नाही." धडधडीत खोटं. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर एक रिटायर्ड बाई जे.पी. होत्या. मास्क लावून ड्राइव्हवेमध्ये टेबल टाकून सह्या करून द्यायच्या. मी स्वतः त्यांच्याकडून एक फॉर्म करून आणला होता. नाना "बरं" म्हणाले. मी म्हटलं, एवढी घाई असेल तर घरीच करा की सही. तर म्हणे, "नाही. या खेपेला साक्षीदारासमोरच."

तीनदा विचारलं त्यांनी. तिसऱ्यांदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "कुणी बसत नाही, की बसतो ते मला सांगायचं नाही?" तलाठ्याला खोटा जबाब ऐकताक्षणी कळत असणार. मी भांडी लावत राहिले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आठवड्याने छातीत दुखायला लागलं आणि ॲम्ब्युलन्स आली.

दहा माणसांत अंत्यविधी झाला, बाकीच्यांनी स्क्रीनवर पाहिला. त्यानंतर मी त्यांच्या उशीखालून ते पाकीट काढलं. आत इंग्रजीत लिहिलेलं एकच पान, जुन्या सरकारी नकलांसारखं ताठ वळण. गावातल्या शेवंताबाई नावाच्या विधवेची ओढ्याकाठची तीन एकर जमीन तिच्या दिराच्या नावावर चढवली, ती नोंद नानांनी केली होती. तिने हक्क सोडल्याचा जबाब जोडला होता, पण त्या दिवशी ती बाई गावातच नव्हती. नवरा नुकताच गेलेला, ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. "जबाबावर तिचा म्हणून जो अंगठा उमटला आहे, तो माझा आहे. ताडून पाहावा." खाली सहीची जागा कोरी, तिच्याशेजारी अंगठ्यासाठी आखलेली चौकट, तीही कोरी. मला नानांचा भयंकर राग आला. आणि माझा स्वतःचा, त्याहून जास्त.

मंदारने कागद वाचला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "नको कुणाला फोन करू. गेलेल्या माणसाचं कशाला आता..." देवासारखं मानायचा तो वडिलांना. मी म्हटलं, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, आपण कोण लपवणारे? मग संदीपकडून नंबर घेतला. त्याला सगळं ठाऊक होतं. तोही नानांना हेच सांगत होता, आता कशाला उकरता.

शेवंताबाई कधीच गेल्या. फोन त्यांच्या मुलाने घेतला. दत्तू त्याचं नाव, त्याच ओढ्याकाठी दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातो. मी सगळं पान वाचून दाखवलं, इंग्रजीचं मराठी करत, अडखळत. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

मग दत्तू म्हणाला, "आय मरस्तवर म्हणत हुती, म्या अंगठा दिला न्हाई. आमीच इस्वास ठेवला न्हाई तिच्यावर..." लगेच त्याने विचारलं, "ताई, त्या कागदावर तुमच्या सासऱ्यांचा अंगठा हाय का?"

"नाही," मी म्हणाले.

"का वो? करायचा नव्हता त्यास्नी?"

"करायचा होता," मी म्हणाले. "तीनदा म्हणाले. मीच नेलं नाही."