वनमालाबाईंच्या आवाजाचा मास्टर

दिंडोशीच्या दशरथ तावड्यांनी मरोळच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं मापं तपासली. केसाच्या विसाव्या भागाएवढी चूकही ते पकडत. घरातल्या चुका पकडायचं काम बायकोकडे होतं. वनमालाबाई जाऊन आता दोन वर्षं झाली. मागे राहिले ते त्यांनी नवऱ्याच्या मोबाइलवर पाठवलेले चारशे बारा आवाजी निरोप. त्यात प्रेमाचा एकही नव्हता. पाणी आलंय, कोथिंबीर आणा, छत्री विसरलात.

मोबाइल भरला तेव्हा तावड्यांनी घरासाठी सर्व्हर घेतला. छोटीशी पेटी, आत चार-चार टीबीच्या दोन डिस्क. दहा सेकंदांवर कधी न बोललेल्या बाईसाठी जागा जरा जास्तच होती.

पेटीने पहिलाच प्रश्न टाकला: दोन्ही डिस्क जोडून एक मोठी करायची, की मिरर? मेलबर्नहून मुलगी रेवती फोनवर होती.

"जोडू नको हां, बाबा. एक गेली तर सगळ्याची वाट लागेल. मिरर घे. एकीवर जे, तेच दुसरीवर."

"म्हणजे मास्टर गेज!" तावडे खूश झाले. कारखान्यात माप तपासायचा रोजचा गेज मशीनवर झिजायचा आणि त्याच्या जोडीचा मास्टर कपाटात कुलपात असायचा. शंका आली की त्याच्याशी ताडून बघायचं. त्यांनी मिरर निवडलं. पुसलेल्या फायली काही दिवस ठेवू का, असंही पेटीने विचारलं. कचरा घरात कशाला, म्हणून त्यांनी नको सांगितलं. मग सगळे निरोप तिकडे हलवून मोबाइल रिकामा केला.

पण तपासल्याशिवाय पास करणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं. त्यांनी चारशे बारांतला सगळ्यात फालतू निरोप निवडला, पुसला, एक डिस्क बाहेर काढली आणि दुसरीवर शोधला. मग डिस्क बदलून शोधला. मग रेवतीला फोन लावला.

"अरे बाबा, दोन्हीकडून जातं ते! मिरर डिस्कच्या बिघाडापासून वाचवतं. तुझ्यापासून नाही."

"सांगायचंस ना मग."

"तू पुसून बघशील हे मला काय माहीत? मास्टर हवा तर वेगळी डिस्क आण, कॉपी कर, काढून कपाटात ठेव."

दुसऱ्या दिवशी तेही झालं. चारशे अकरा निरोप वनमालाबाईंच्या साड्यांखाली कुलपात गेले.

पुसलेल्या निरोपाचे शब्द तावड्यांना पाठ होते. अडत होतं ते फक्त एका 'अहो'पाशी. आठवडाभराने रेवतीचा फोन आला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही तऱ्हांनी म्हणून दाखवला.

"अहो, दळण टाकलंय, येताना घेऊन या. की, दळण टाकलंय, येताना घेऊन या, अहो. यातलं कुठलं गं?"

"मी कुठे ऐकलं होतं ते? आणि काय फरक पडतो, बाबा?"

"शेवटी असलं, तर त्या दिवशी ती रागावलेली नव्हती."