शेजारणीची तांबडी

काल्हेरला आमच्या शेजारच्या काकू आपल्या कोंबड्यांशी लेकीसुनांशी बोलावं तसं बोलतात. अंड्याचं कवच मऊ आलं, की खाडीवरच्या शिंपल्या कुटून चारतात.

मध्यंतरी तांबडीची पिसं झडली आणि अंडी थांबली. काका म्हणाले, "रविवारी जावई येतायत. हिलाच कापू."

"नवी पिसं येतायत तिला. त्यात अंडं कुठून देईल? जरा दम हाय का न्हाय तुम्हाला?"

काका ऐकेनात. रविवारी सकाळी काकूंनी तांबडीला गुपचूप माझ्या मोरीत टोपलीखाली ठेवलं आणि नाक्यावरून चिकन आणलं.

दुपारी मीही जेवायला होतो. जावई बोटं चाटत म्हणाले, "घरच्या कोंबडीची चवच वेगळी!"

"हाय ना!" काकू म्हणाल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून तांबडी जोरात ओरडली. काकांनी काकूंकडे पाहिलं आणि वाटी पुढे करून आणखी रस्सा मागितला.