तात्यांचे सव्वीस टॅब

तात्यांच्या कीबोर्डला हात लावायचा म्हणजे मला किळस यायची. राहुरीतल्या आमच्या कार्यालयात ते टंकलेखक आणि मी संगणक दुरुस्त करणारा. तात्या तपकीर ओढत आणि त्याच बोटांनी टाइप करत. बटणांच्या फटींत तपकिरी राड साचलेली. शिंक आली की पडद्यावर थेंब उडत, ते शर्टाच्या बाहीने पसरवून पुसत आणि म्हणत, "झालं लख्ख!" समोर बसून मला डबा खाववत नसे.

दुपारच्या सुट्टीत ते आईचं बोलणं टाइप करत. आई पाथर्डीकडची, उभा जन्म ऊसतोडीत गेलेला. रविवारी ती सांगायची, सोमवारी हे उतरवायचे. प्रत्येक आठवणीला एडिटरमध्ये, म्हणजे साध्या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, वेगळा टॅब, असे सव्वीस. एकात मी वाचलं होतं, 'लेकराला पाचटावर निजवलं अन् मोळी बांधाया गेले.' पुढचं मात्र मला वाचवेना.

एकही फाईल सेव्ह केलेली नव्हती.

"तात्या, नाव देऊन सेव्ह करा," मी लांबूनच सांगायचो.

"नाव काय देऊ? तिचं सांगणं अजून संपलंय कुठं?" असं म्हणून ते एडिटर बंद करून पुन्हा उघडून दाखवत. सगळे टॅब हजर, कर्सर अर्ध्या शब्दावर लुकलुकत असायचा. "बगा, काल उठलो तिथंच बसवतंय. लई इमानी हाय."

आई गेली, तरी त्यांनी नाव दिलं नाही. नवे टॅब तेवढे थांबले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "तेवढं आईचं पेन ड्राइव्हात घालायचंय. शुक्रवारी येतो. तवर सांभाळा." मी हो म्हणालो आणि साबणाने दोनदा हात धुतले.

बुधवारी साहेबांनी ते मशीन फॉरमॅट करून, म्हणजे सगळं पुसून, नव्या माणसाला द्यायला सांगितलं. मला तात्यांचं बोलणं आठवलं, विसरलो नव्हतो. सगळे टॅब सेव्ह करून ठेवणं दहा-पंधरा मिनिटांचं काम होतं. पण तेवढा वेळ त्या चिकट बटणांवर बोटं कोण ठेवणार? मी पेनच्या टोपणाने बटणं दाबत फॉरमॅट सुरू केलं आणि चहाला गेलो.

शुक्रवारी तात्या इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात नवा पेन ड्राइव्ह, पाकिटातून न काढलेला. नव्या माणसाला विचारून त्यांनी एडिटर उघडलं. कोरं पान. बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा कोरं. असं चार वेळा केलं. मग माझ्याकडे वळले.

"सेव्ह न्हवतं ते. तुमच्या ध्यानात ऱ्हायलं नसंल."

"नाही राहिलं ध्यानात," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मग जाऊ द्या. ध्यानात असतं, तर तुमी कशाला पुसलं असतं?"