तारीख हुकणार, हे सांगायला गेलेल्या ताई

हुकणारी तारीख लपवणारी माणसं मी ढिगानं पाहिलीत, मीही त्यातलाच. पण पाहुण्याला आणायला स्टँडवर जावं तसं, हुकणाऱ्या तारखेला पुढे जाऊन गाठणारं माणूस आयुष्यात एकच पाहिलं. नांदेडच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या प्रॉडक्ट मॅनेजर ताई. कोणतं काम गिऱ्हाइकाला कधी मिळणार, हे ठरवणं आणि निभावणं त्यांच्याकडे. सख्ख्या भावाच्या लग्नात त्यांनी सकाळीच सगळ्या पाहुण्यांना फोन केले होते, "नवरदेव अजून अंघोळीला हाय. मुहूर्त काय गाठत न्हाई. आरामात निघा." ऑफिसात 'जवळजवळ' या शब्दाला बंदी. कुणी 'नव्वद टक्के झालं' म्हटलं की खुर्ची ओढून शेजारी बसायच्या, "राहिलेले दहा दाखव."

मुखेडच्या एका गोदामाचं अ‍ॅप माझ्याकडे होतं. सोयाबीन आणणाऱ्या शेतकऱ्याला मोबाइलवर रांगेतला नंबर मिळावा, त्याचा माल पोत्यांच्या कोणत्या थप्पीत आहे तेही दिसावं. सुगीच्या पहिल्या सोमवारी सुरू करायचं होतं. थप्पीचा भाग चालतच नव्हता, आणि मी आठवडाभर "करून राहिलो, ताई" एवढंच म्हणत होतो. बुधवारी त्या शेजारी बसल्या.

"सोमवारी होतंय का न्हाई? तेवढंच सांग."

"न्हाई," मी म्हणालो. वाटलं, गेली नोकरी.

त्या उठल्या. "चल. मुखेडची गाडी अकराला हाय."

गोदामाचे मालक आप्पा ऐकताच भडकले. "गाड्यांची रांग पार रस्त्यावर येते, आन् तुम्ही आज सांगून राहिले?" आता ताई माझ्याकडे बोट दाखवणार, म्हणून मी मान खाली घातली.

"चूक माझी हाय, आप्पा. मी आधी विचारायला पाहिजे होतं."

आप्पा बराच वेळ बोलले. ताईंनी मध्ये एकदाही 'पण' म्हटलं नाही. मग वही उघडून विचारलं, "सोमवारी एकच गोष्ट मिळाली, तर कोणती पाहिजे?"

आप्पांनी चहा सांगितला. "नंबर. लोकं भांडायची थांबली पाह्यजेत."

नंबर सोमवारी सुरू झाले. रांग फाटकाच्या आत राहिली. बाकीचं तीन आठवड्यांनी दिलं.

मला मात्र आठवते ती त्या बुधवारची परतीची एस.टी. कंडक्टरकडे ताईंनी नांदेडऐवजी मुखेडचंच तिकीट मागितलं. मी विचारलं, "ताई, तुम्हाला पण भीती वाटते?"

"लई वाटते रे. सकाळपासून पोटात काही गेलं न्हाई," म्हणून हसल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या.

आता त्या हैदराबादला असतात. मोठी टीम आहे म्हणे. तिथं त्यांना कुणी 'जेवलात का' म्हणून विचारत असेल का, कोण जाणे. त्या दिवशी ते मलाही सुचलं नव्हतं.